मुलाने येऊन सांगावे म्हणून



ज्या प्राथमिक शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांचे विद्यार्थी आज स्वतः आजी-आजोबा झाले असले तरी एक गोष्ट अद्याप आवर्जून सांगतात. वर्गातले एखादे बोलके मूल अकस्मात अबोल झाले, की गुरुजी सायंकाळी त्याच्या घरी जाऊन ओटीवर बसत, अभ्यासाचा विषय मुळीच न काढता आधी मुलाशी आणि मागाहून आईबापांशी बोलत, आणि मूल पुन्हा बोलते झाल्याखेरीज त्या घराचा पिच्छा सोडीत नसत. विषय निवडण्याची मुभा चालकांनी मला दिली, तेव्हा पहिली ते चौथीतील मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा विषय मी घेतला, तो या स्मरणाला धरूनच. यंत्रांविषयी बोलण्यासारखे या विषयात पुष्कळ आहे, आणि त्यातले जरूर तेवढे मी बोलणार आहे. परंतु पालकांशी आणि शिक्षकांशी चर्चा करता करता माझे जे मत बनत गेले ते असे, की घरातल्या मुलाला काही विपरीत दिसले, किंवा कोणी त्याच्याकडे काही विपरीत मागितले, तर ते त्याच दिवशी निर्भयपणे येऊन सांगेल की नाही, यावर त्याच्या सुरक्षिततेचा बहुतेक भाग अवलंबून असतो, आणि हे सांगणे त्याला सुलभ करून देणे सर्वस्वी वडीलधाऱ्यांच्या हाती असते.

प्रथम एक गोष्ट मुलांच्या बाजूने नमूद केली पाहिजे. मुलांनी हट्टाने फोन मिळविला, हा समज अर्धवट आहे. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे शाळांना कुलपे लागली, ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असा उपक्रम सरकारने काढला, वर्गशिक्षिकांनी व्हॉट्सॲपवर गट केले, दीक्षा ॲपवरचे धडे आणि यूट्यूबवरचे दुवे त्या गटांवर येऊ लागले, आणि पहिली ते चौथीचे वर्ग राज्यात डिसेंबर २०२१ पर्यंत भरले नाहीत. या अवधीत ज्या घरात एकच फोन होता त्या घरानेही तो मुलाच्या हाती दिला, आणि ज्या घरात तो नव्हता त्यातल्या पुष्कळांनी उसनवार करून तो घेतला. पुढे शाळा भरल्या, पण गट मोडले नाहीत. गृहपाठ आजही तेथेच येतो. जी वस्तू आपणच मुलाच्या हाती ठेवली, तिच्या वापराबद्दल त्याला गुन्हेगार ठरविणे न्यायाला धरून नाही. तिच्या वापराची रीत शिकविण्याची जबाबदारी मात्र आपल्याकडे राहते, आणि ती आपण फारशी पार पाडलेली नाही.

पालकांसाठी जी सूचनापत्रके निघतात, त्यांपैकी बहुतेकांत मुलाचा स्वतःचा फोन आणि स्वतःची खोली गृहीत धरलेली असते. आपल्याकडचा व्यवहार निराळा आहे. आपल्या घरात मूल वापरते तो फोन आईचा असतो, बाबांचा असतो, पुष्कळदा आजोबांचा असतो. संध्याकाळी सातच्या सुमारास कोणत्याही मध्यम स्थितीच्या घरात डोकावून पाहावे: आई भाकऱ्या थापते आहे, तिसरीतली मुलगी ताटावर बसली आहे, आणि तांब्याला टेकवून उभा केलेल्या आजोबांच्या फोनवर एक मांजर आणि एक उंदीर पळत आहेत. मुलीचा हात भाजीत बुडालेला असल्यामुळे ती पडद्याला स्पर्श करीत नाही. एक चित्रफीत संपली की दुसरी आपोआप सुरू होते, दुसरीनंतर तिसरी. तो फोन ज्या खात्यावर चालतो त्या खात्याचा धनी सत्तरीच्या घरातला आहे, अशी कंपनीकडे नोंद आहे. त्यामुळे मधल्या जाहिराती कर्जाच्या आणि पैजेच्या खेळांच्या असतात, आणि पुढे काय दाखवावे याचा हिशेब आजोबांनी दुपारी पाहिलेल्या गुन्हेगारीच्या बातम्या आणि नातीने पाहिलेले कार्टून यांची सरमिसळ करून होत असतो. पाचव्या-सहाव्या चित्रफितीत ओळखीच्याच कार्टूनचे कोणी तरी विद्रूप केलेले, रक्तबंबाळ रूप येते. मुलगी घास तोंडात धरून ते पाहत राहते. आईला स्वयंपाकघरात फक्त संगीत ऐकू येते, आणि ते नेहमीच्या कार्टूनचेच असते.

येथे जे करावयाचे ते अवघड नाही, परंतु ते कोणी तरी बसून करावे लागते. पुढची चित्रफीत आपोआप लावणारी सोय बंद करता येते. यूट्यूब किड्स हे मुलांसाठीचे निराळे ॲप आहे. गूगलच्या फॅमिली लिंकवरून मुलाचे स्वतंत्र खाते पालकांच्या देखरेखीखाली उघडता येते. अनेक अँड्रॉइड फोनांत एकाच यंत्रावर दुसरा वापरकर्ता निर्माण करता येतो, म्हणजे आजोबांचे जग आणि नातीचे जग यांच्यामध्ये भिंत उभी राहते. व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे आपोआप उतरवून घेण्याची सोय तर आज रात्रीच बंद करावी. मोठ्या माणसांच्या गटांवर अपघातांची, मृतदेहांची, अश्लील विनोदांची जी चित्रे येतात, ती धन्याने उघडली नाहीत तरी फोनच्या चित्रसंग्रहात जाऊन बसतात, आणि मूल आपल्या चित्रकलेच्या वहीचा फोटो शोधावयास तेथेच जाते. पैसे पाठविण्याचा पिन मुलाला ठाऊक नसावा, दुकानाच्या ॲपमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागावा, हे सांगणे नकोच.

खाते उघडताना मुलाचे जन्मवर्ष खोटे लिहिण्याची चाल मात्र इतकी रूढ झाली आहे, की तिच्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. पुष्कळ ॲपांत तेरा वर्षांची जी अट दिसते, तिचे मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यात आहे. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा करण्यास त्या कायद्याने मज्जाव केला. आपल्या देशाने २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात ही मर्यादा अठरा वर्षांपर्यंत नेली, पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरविली, आणि मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास व त्यांना नेमून जाहिराती दाखविण्यास मनाई केली. परंतु आठ वर्षांच्या मुलाला कागदोपत्री एकवीस वर्षांचे केले, की यातले काहीच त्याला लागू होत नाही. अनोळखी प्रौढांनी त्याला निरोप पाठविण्याच्या वाटाही त्याच क्षणी खुल्या होतात. बाप हे प्रेमाने करतो, मुलाला खेळ मिळावा म्हणून करतो, आणि म्हणूनच त्याला हे कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे.

आता या विषयातल्या सर्वांत कठीण भागाकडे मी येते. इंटरनेट वॉच फाउंडेशन ही ब्रिटनमधील संस्था १९९६ पासून मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे शोधून काढून टाकण्याचे काम करते, आणि अलीकडच्या वर्षांत तिने वारंवार सांगितले आहे, की कॅमेऱ्यासमोर मुलांकडूनच तसे काही करवून घेतल्याच्या प्रकारांत सात ते दहा वर्षांच्या मुलांचे प्रमाण झपाट्याने वाढले आहे. सात ते दहा म्हणजे आपली दुसरी ते पाचवी. हे होते कसे, हे पालकांना ठाऊक नसते, म्हणून त्याचा क्रम सांगते. एखाद्या खेळात, जेथे खेळता खेळता बोलता किंवा लिहिता येते, तेथे कोणी तरी मुलाशी ओळख करतो. तो आपले वय अकरा सांगतो. तो मुलाला खेळात जिंकू देतो, खेळातली तलवार किंवा पोशाख भेट देतो, आणि आई रागावली असेल त्या दिवशी मुलाचे ऐकून घेतो. मग तो म्हणतो, येथे सगळे वाचतात, आपण दुसऱ्या ॲपवर बोलू. मग एक लहानसे गुपित ठेवावयास सांगतो, अगदी निरुपद्रवी, केवळ मूल गुपित ठेवते की नाही हे पाहण्यासाठी. मग फोटो मागतो. आधी चेहऱ्याचा, शाळेच्या गणवेशातला, नंतर तसा नसलेला. तसा एक फोटो गेला, की त्याचा स्वर बदलतो. हा माणूस नेहमी परका असतो असेही नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतांशी मुलाच्या ओळखीतला असतो, हे आपल्या देशातील गुन्ह्यांच्या सरकारी नोंदी वर्षानुवर्षे दाखवीत आल्या आहेत, आणि शिकवणीचा दादा किंवा लांबचा नातेवाईकही याच वाटेने येऊ शकतो. मुलींप्रमाणे मुलगेही यात सापडतात, आणि मुलगे पुष्कळदा अधिक उशिरा बोलतात.

या सर्व क्रमात त्या माणसाचे जे हुकमी शस्त्र असते, ते एका वाक्याचे असते: ‘घरी सांगितलेस तर तुझा फोन काढून घेतील आणि तुलाच मारतील.’ श्रोतेहो, हे वाक्य ऐकताना आपण आपल्या घराची आठवण करावी. बहुसंख्य घरांत ते खरे असते. त्या माणसाने मुलाला खोटे सांगितलेले नसते. आपण रोज जी धमकी देतो तीच त्याने आपल्या कामाला लावलेली असते. आठ वर्षांच्या मुलाने दोन भयांची तुलना करावी आणि घरचे भय मोठे ठरवावे, याहून दुःखाची गोष्ट मला या विषयात दुसरी दिसत नाही.

म्हणून पहिली तजवीज ही, की ते वाक्य आपल्या घरापुरते खोटे करून ठेवावे. मुलाला जवळ घेऊन, सणासुदीच्या वाक्यांत नव्हे तर रोजच्या बोलीत, सांगावे: ‘फोनवर कुणी तुझा फोटो मागितला, कुणी घरी सांगू नकोस म्हणालं, किंवा काही बघून तुला कसंसंच वाटलं, तर लगेच ये आणि मला सांग. चूक तुझी असली तरी सांग. मी मारणार नाही, रागावणार नाही, आणि फोन काढूनही घेणार नाही.’ हे एकदा सांगून भागत नाही, दर पंधरवड्याला सांगावे. आणि मग परीक्षेला सिद्ध राहावे, कारण मूल आपली परीक्षा घेतेच. ते मोठी गोष्ट घेऊन प्रथम येत नाही. ते येते आणि सांगते, की काल तू झोपलीस तेव्हा मी आणखी दोन चित्रफिती पाहिल्या. किंवा खेळात एक बटण दाबले आणि तुझे नव्वद रुपये गेले. त्या क्षणी आईचा आवाज चढला, तर मुलाने जे जाणून घ्यावयाचे ते जाणून घेतले. उलट आईने म्हटले, ‘बरं झालं सांगितलंस, चल, कुठलं बटण होतं ते दोघं मिळून बघू,’ तर त्या नव्वद रुपयांत घराने जे मिळविले त्याची किंमत होत नाही. शिस्त नको असे मी म्हणत नाही. वेळेचा नियम मोडल्याबद्दल दुसऱ्या दिवशी खेळाचा वेळ कमी करावा. पण आपण होऊन सांगितलेल्या गोष्टीला शिक्षा असू नये, हा भेद घरात स्वच्छ राखला जावा.

काही मुले तरीही सांगत नाहीत, विशेषतः जी आधीच लाजाळू किंवा दबलेली असतात. त्यांच्या बाबतीत पाहणे आले. मोठे माणूस जवळ येताच फोन पालथा घालणे, खेळात घरच्यांनी न घेतलेली वस्तू दिसणे, सुटलेले अंथरुण ओले करणे पुन्हा सुरू होणे, शाळेत जाण्यास टाळाटाळ: यांपैकी एकाने काही सिद्ध होत नाही, पण दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर आमच्या गुरुजींप्रमाणे ओटीवर बसावे.

मोठ्या माणसांच्या स्वतःच्या वर्तनाचा प्रश्न येथे टाळता येत नाही, आणि त्या बाबतीत सांगली जिल्ह्यातील एका गावाने जे करून दाखविले ते मला फार मोलाचे वाटते. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आणि स्वातंत्र्यदिनापासून त्याचा अंमल सुरू झाला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा वाजतो. सुरुवातीस लोकांना हे पटण्यासारखे नव्हते, घरोघर जाऊन आठवण द्यावी लागली. मागाहून ते अंगवळणी पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ सारखीच खरी आहे, आणि बांशीच्या आईबापांचे मन मला समजते. पण दोहोंतून निवड करावयाची झाल्यास मी वडगावची रीत निवडीन. बंदीत नियम मुलासाठी असतो आणि मोठा त्याचा पहारेकरी असतो. पहारेकऱ्याची पाठ वळली की मूल फोन घेते, आणि मग त्यावर जे दिसेल ते त्याला सांगता येत नाही, कारण सांगणे म्हणजे बंदी मोडल्याची कबुली. वडगावात सात वाजता सरपंचांचाही फोन बंद होतो. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने पाच ते दहा वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसाकाठी दोन तासांहून कमी वेळ घालवावा असे सुचविले आहे. ती मर्यादा पाळावयाची तर एकट्या मुलाने ती पाळणे शक्य नाही.

मुलांच्या छायाचित्रांविषयीही मोठ्यांनीच संयम राखला पाहिजे. नातवाचा वाढदिवस, नातीचे स्नेहसंमेलनातले नृत्य, गणवेशावरचे शाळेचे नाव, घरामागची ओळखीची कमान, हे सर्व स्टेटसवर आणि फेसबुकवर आपण ठेवतो, आणि मुलाचे नाव, वय, शाळा व येण्याजाण्याची वाट एकत्रित करून अनोळखी माणसाच्या हाती देतो. कृत्रिम प्रज्ञेच्या साधनांनी साध्या छायाचित्रावरून अश्लील चित्र बनविणे आज कोणालाही साधते, हे ध्यानात घेता ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. वर्गाच्या गटावरही मुलांचे फोटो घालण्यापूर्वी शाळेने पालकांची लेखी संमती घ्यावी.

इतकी दक्षता घेऊनही जे घडू नये ते घडले तर काय करावे, हे माहीत असणे आवश्यक आहे, कारण पहिल्या तासात घाबरलेले आईबाप जे करतात त्याने पुष्कळदा पुरावा नाहीसा होतो. संताप आवरून आधी मुलाला सांगावे, की तू सांगितलेस हे फार चांगले केलेस. त्या माणसाला शिव्या देणारा किंवा धमकावणारा निरोप पाठवू नये; तो आपले खाते पुसून निघून जातो. संभाषण पुसू नये, ॲप काढून टाकू नये. त्या खात्याचे नाव, दुवा, तारीख व वेळ कागदावर उतरून ठेवावी, आणि फोन आहे तसा पोलिसांकडे न्यावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ मध्ये मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेतून त्या सेवेचा उगम झाला, आणि आज ती सरकारकडे आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० वर विनाविलंब कळवावे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर स्त्रिया व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी निराळा विभाग आहे, आणि तेथे नाव न देताही माहिती देता येते.

मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो अधिनियमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो कळविणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनी शाळेच्या नावलौकिकासाठी प्रकरण आपसांत मिटविणे हा स्वतः एक अपराध आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६७ ब या कलमाने मुलांची अश्लील चित्रे प्रसारित करणे दंडनीय आहे, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य बाळगणेही कोणत्या परिस्थितीत गुन्हा ठरते ते स्पष्ट केले. तेव्हा ‘या नराधमाला शोधा’ असे लिहून एखाद्या पीडित मुलाची चित्रफीत गटागटांवर पुढे पाठविणारी सद्भावना गुन्ह्याच्याच वाटेला जाते, आणि त्या मुलाची विटंबना दर वेळी नव्याने होते. ती चित्रफीत पुढे न पाठविता पोलिसांना कळवावी. अशा माहितीवरून कारवाई होत नाही, हा समज खरा नाही. अमेरिकेतील बेपत्ता व शोषित बालकांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राशी आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये करार केला, आणि तेथून येणाऱ्या माहितीच्या आधारे महाराष्ट्र सायबर विभागाने ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ ही मोहीम चालवून राज्यात गुन्हे दाखल केले, आरोपींना अटक केली.

पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे भय आईबापांना वाटते, ते मी समजू शकते. मुलीचे नाव गावभर होईल, उलट तपासणीत मूल कोलमडेल, या शंका खोट्या नाहीत. त्यांची जाणीव कायद्याने ठेवली आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, होता होईल तो उपनिरीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या स्त्री अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा माणसांच्या उपस्थितीत घ्यावयाचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट वृत्तपत्रांना छापता येत नाही. या तरतुदी प्रत्येक ठाण्यात पाळल्या जातातच असा दावा मी करीत नाही, पण पालकाने त्या मागितल्या तर तो कृपा मागत नसून हक्क मागत असतो.

अखेर एक दरखास्त या सभेपुढे ठेवते. शिक्षणाच्या हक्काच्या २००९ च्या अधिनियमाने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमावयास सांगितले, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले. राज्याने २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्याही स्थापन करावयास लावल्या. या समित्यांच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. सभा दुपारी न भरविता सायंकाळी, कामावरून माणसे परतल्यावर भरवावी, आणि आजी-आजोबांनाही बोलवावे, कारण फोन त्यांचे आहेत. प्रत्येकाने आपला फोन हातात घेऊन बसावे. वर्गशिक्षिकेने किंवा गावातल्या जाणत्या तरुणाने स्वयंचलित चित्रफितीची आणि छायाचित्रे आपोआप उतरण्याची सोय कोठे बंद होते ते दाखवावे, आणि शेवटच्या माणसाच्या फोनवर ती बंद झाल्याखेरीज सभा उठू नये. १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवावा, आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मुलांनी तो स्वहस्ते लिहावा. या खर्चाची तरतूद समितीच्या शिल्लक रकमेतून सहज होईल. न झाल्यास चालकांनी या व्याख्यानाचे मानधन म्हणून जे काही मला देऊ केले आहे, ते या गावच्या शाळेच्या रंगासाठी वळते करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.